भूतान, आइसलँड आणि कोराडीचे तीन संच

मुलांना दोन देशांच्या तुलनेचा तक्ता करायला सांगताना आकड्याची अट मी एकच घातली होती. निवडलेल्या दोन देशांची लोकसंख्या मिळून नागपूर शहरापेक्षा कमी भरली पाहिजे. २०११ च्या जनगणनेतले आपले २४ लाख धरले तर अट काही जाचक नाही, असे देश पुष्कळ आहेत. शिवाय दोन्ही देश एकमेकांपासून होतील तितके वेगळे निवडा, असंही सांगितलं होतं.

आमच्या भागातल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करणारी मुलं दिवसभर बसलेली असतात. मी वीज मंडळाच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आणि कुणीतरी माझं नाव सुचवल्यावर शनिवारी संध्याकाळी त्यांना अर्थव्यवस्था समजावून द्यायला जाऊ लागले. मुलं हुशार आहेत. जीडीपीची व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील. पण "बरं, मग तिथला माणूस घरभाडं किती देतो, थंडीत घर कशावर तापवतो, आजारी पडला तर कुठे जातो?" असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात. म्हणून हा खटाटोप.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीकडच्या एका मुलाने भूतान घेतला. काटोलच्या मुलीने आइसलँड. तिला कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तिकडे मे महिना नसते." कूलर समोर घरघरत होता, पारा ४५ च्या वर. या कारणावर कुणी हरकत घेतली नाही.

पहिला तक्ता सरळ होता. भूतान ३८ हजार चौरस किलोमीटर, माणसं पावणेआठ लाखांच्या आसपास. आइसलँड १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाहून जरा मोठा, आणि माणसं चार लाखांच्याही आत. त्यातली जवळपास दोन तृतीयांश एकट्या रेक्याविक या राजधानीच्या परिसरात. मग दरडोई उत्पन्न: आइसलँड ८० हजार डॉलरच्या घरात, भूतान चार हजारांच्या थोडं खाली. मुलीने खाली लाल शाईने लिहिलं, 'वीस पट'. दोघांच्याही चेहऱ्यावर काम झाल्याचा आनंद होता.

मी म्हटलं, हे रुपयांत आणि महिन्यावर आणा. केलं. आइसलँडचे माणशी साडेपाच लाखांवर गेले, भूतानचे २७ हजारांच्या आसपास. आता मुलं जरा चमकली, कारण यातलं तान्हं बाळही महिन्याला साडेपाच लाख कमावतंय असं तक्ता सांगत होता. दरडोई उत्पादन म्हणजे पगार नव्हे, हे पुस्तकात असतंच; ते असं समोर आलं की कळतं.

मग क्रयशक्तीचा हिशेब. मुलं त्याला पीपीपी म्हणतात आणि परीक्षेपुरतं ओळखतात. कोणत्या देशात डॉलरला काय मिळतं ते धरून आकडे पुन्हा मांडले तर वीस पटींचं अंतर पाच पटींच्या आसपास येतं. मग खरं काय, वीस की पाच? यावर अभ्यासिकेत चांगलीच जुंपली. माझं मत मी तिथे सांगितलं ते असं: जपानी गाडी, जर्मन यंत्र, परदेशातलं औषध विकत घ्यायचं असेल तर वीस. घर, न्हावी, शेजारच्या शेतातली मिरची हा प्रश्न असेल तर पाच. भूतानची अडचण अशी की तो फार गोष्टी बाहेरूनच आणतो. तांदूळ, तेल, सिमेंट, पेट्रोल, बहुतेक सगळं भारतातून. त्याचं चलन, न्गुल्त्रुम, १९७४ पासून आपल्या रुपयाला एकास एक बांधलेलं आहे आणि आपला रुपया तिथे उघडपणे चालतो. त्यामुळे तिथल्या बाजारातले बरेच भाव आपल्याच बाजाराचे, वर घाटातल्या ट्रकचं भाडं.

घरखर्चाचा कागद मात्र आकड्यांच्या पुस्तकातून भरता येईना. तेव्हा मुलीने रेक्याविकमध्ये नोकरी करणाऱ्या एका मराठी इंजिनिअरला समाजमाध्यमावर गाठलं. भल्या माणसाने लांबलचक उत्तर दिलं. भाडं अंगावर येतं, हॉटेलात जेवण चैन समजायची, एकूण वस्तूंवर कर २४ टक्के आणि खाण्याच्या वस्तूंवर ११. पण कडाक्याच्या थंडीत घर तापवण्याचं बिल किरकोळ, कारण जमिनीखालचं गरम पाणी नळाने घरोघर येतं. दहातली नऊ घरं अशी तापतात. त्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि आठवडाभरात तो येईनासा होतो, असंही त्याने लिहिलं. टोमॅटो, काकड्या काचघरात, त्याच पाण्याच्या उबेवर आणि दिव्यांच्या उजेडात वाढतात. नोकरदारांपैकी दहातले नऊ कामगार संघटनेचे सभासद आहेत, हे वाचून मुलं चकित झाली. श्रीमंत देशात युनियन असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

भूतानसाठी माझ्या योगवर्गातल्या एक बाई कामी आल्या. त्या नुकत्याच सहलीला जाऊन आल्या होत्या. त्यांना आधी फक्त पारोचा विमानतळ आणि मिरची-चीजची भाजी आठवत होती. खोदून विचारल्यावर बुखारी आठवली, म्हणजे लाकडं घालायची लोखंडी शेगडी, आणि हॉटेलातला विजेचा हीटर. प्रत्येक रात्रीमागे माणशी १२०० रुपये शुल्क भरलं, तेही आठवलं. ते भारतीयांसाठी. इतर परदेशी पाहुण्यांना रात्रीचे १०० डॉलर पडतात. २०२२ मध्ये ते २०० होते, गिऱ्हाईक रोडावल्यावर वर्षभरात अर्धे केले.

इथवर दोन देशांत साम्य शोधायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. ते निघालं विजेच्या रकान्यात, आणि हा प्रांत माझा.

भूतानचे जलविद्युत प्रकल्प मी फळ्यावर मांडले. चुखा ३३६ मेगावॅट, ताला १०२०, कुरिछू ६०, बासोछू ६४, दागाछू १२६, मांगदेछू ७२०. मांगदेछू २०१९ मध्ये सुरू झाला, तेव्हाची ही बेरीज २३२६. आइसलँडची जलविद्युत आणि भूऔष्णिक मिळून क्षमता तीन हजारांच्या जरा आत. मग मी बाजूला आपलं कोराडीचं औष्णिक वीज केंद्र लिहिलं. ६६० मेगावॅटचे तीन संच, बेरीज १९८०. नागपूरहून तासाभरात जाऊन ज्यांच्या चिमण्या बघता येतात ते तीन संच, आणि हिमालयातला एक अख्खा देश, यांत २०१९ मध्ये फरक साडेतीनशे मेगावॅटचा. मुलं गप्पच झाली. उत्पन्नात वीस पट अंतर असलेले दोन देश विजेच्या क्षमतेत मात्र शेजारी शेजारी बसले होते.

मग ती वीज जाते कुठे?

आइसलँडमध्ये माणशी वर्षाला ५० हजारांहून जास्त युनिट वीज वापरली जाते. जगात पहिला नंबर. आपल्याकडे १४०० च्या आतबाहेर. मुलीने यापुढे 'उच्च राहणीमानाचे लक्षण' असं लिहून ठेवलं होतं. मी तिला ॲल्युमिनियमचा हिशेब करायला लावला. एक टन ॲल्युमिनियम वितळवून काढायला साधारण १४ हजार युनिट लागतात. आइसलँडमधले तीन कारखाने वर्षाला आठ लाख टनांच्या आसपास धातू काढतात. गुणाकार केला: ११२० कोटी युनिट. देशाची एकूण निर्मिती २ हजार कोटी युनिटांच्या आसपास असताना निम्म्याहून जास्त वीज या तीन फाटकांतून आत जाते. घरांच्या वाट्याला अगदी थोडी उरते. खनिज आइसलँडमध्ये नाहीच. अल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा माल, जहाजाने येतो, विजेच्या जोरावर त्याचा धातू होतो, आणि जहाजानेच बाहेर जातो. समुद्रापलीकडे तार नेलेली नाही म्हणून वीज धातूत भरून विकायची, असा तो उद्योग.

भूतान वीज तारेनेच विकतो, आणि जवळपास सगळी आपल्याला. चुखा प्रकल्प भारताच्या पैशाने झाला, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. दर दोन सरकारं बसून ठरवतात. मांगदेछूचा ठरला युनिटला ४ रुपये १२ पैसे. माझ्या उन्हाळ्याच्या बिलात वरच्या टप्प्याचा दर याच्या दुपटीहून जास्त असतो, ते बिलच मी मुलांना दाखवलं.

लेखा विभागातल्या माणसाला यात गंमत वाटते ती जोखमीची. आइसलँडच्या काही करारांत विजेचा दर ॲल्युमिनियमच्या जागतिक भावाला बांधलेला होता. धातू पडला की वीज विकणाऱ्याचं उत्पन्नही पडणार. भूतानचा दर ठरलेला, पण गिऱ्हाईक एकच. आणि हिवाळा आहेच. भूतानचे प्रकल्प बहुतेक वाहत्या पाण्यावरचे, मोठा साठा नाही. थंडीत नद्या रोडावतात, नेमक्या त्याच वेळी राजधानी थिम्फूत हीटर लागतात, आणि वीज विकणारा देश आपल्याकडूनच वीज विकत घेतो. आइसलँडकडे जलाशय आहेत, जमिनीतली उष्णता बारमाही आहे. तरीही २०२१-२२ च्या हिवाळ्यात तिथल्या जलाशयांत पाणी कमी पडलं, कारखान्यांची वीज कापावी लागली आणि मासळीची भुकटी करणाऱ्या गिरण्यांनी तेल जाळलं. स्वच्छ विजेच्या देशात! हे वाचून मला, खरं सांगते, बरं वाटलं. पाण्याच्या भरवशावर वीज काढणारे सगळे एकाच पंगतीत.

वीज खाणारे उद्योग भूतानमध्येही आहेत. पासाखा या ठिकाणी फेरोसिलिकॉनचे, म्हणजे पोलाद करताना लागणाऱ्या मिश्रधातूचे, कारखाने आहेत, आणि अलीकडे दोन्ही देशांनी विजेवर बिटकॉइन हे आभासी चलन काढणारी यंत्रंही लावली आहेत. हे ऐकून मागच्या बाकावरची दोन मुलं एकदम जागी झाली. पण भूतानला ती यंत्रं परदेशी चलन मोजून आणावी लागली, आणि त्याने गंगाजळीला चांगलाच फटका बसला, हे कळल्यावर पुन्हा शांत.

मग वीस पटींचं अंतर आलं कुठून, तर ते विजेतून आलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी आइसलँडही युरोपातला गरीब देश होता, माणसं मातीच्या आणि गवताच्या ढिपांच्या घरांत राहत. समुद्राने हात दिला. दोनशे सागरी मैलांपर्यंतचा मासा आपलाच, यासाठी त्यांनी ब्रिटनशी तीनदा पंगा घेतला. शेवटचं भांडण १९७६ मध्ये मिटलं. सैन्य नसलेल्या देशाने आरमारवाल्या देशाला मागे सरकवलं, हे मुलांना फारच आवडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने दिलेली मार्शल मदत माणशी सगळ्यात जास्त मिळाली ती आइसलँडलाच. मग २०१० ला ज्वालामुखी फुटून युरोपातली विमानं जमिनीवर बसली आणि जगाला या बेटाचा पत्ता कळला. २०१८ मध्ये २३ लाखांवर पाहुणे आले. भूतानला २०१९ मध्ये आले ३ लाख १५ हजार, तेही तिथला उच्चांक. भूतानची पहिली पंचवार्षिक योजना १९६१ ची. थिम्फूपर्यंत मोटारीचा रस्ता त्यानंतर झाला, तोही आपल्या सीमा रस्तेवाल्यांनी केला. समुद्र नाही. त्या काळात तिथलं सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आत होतं, आज ते सत्तरी ओलांडून गेलं आहे. आइसलँडशी अंतर दहा वर्षांच्या आसपास. उत्पन्नातलं वीस पटींचं अंतर बघणाऱ्याने हे दहा वर्षांचं अंतरही बघावं.

आजारपणाच्या रकान्यात मला वाटलं होतं दोघांचं काहीच जुळणार नाही. पण अवघड रोगी भूतान सरकारी खर्चाने कोलकात्याला, वेल्लोरला पाठवतो, आणि आइसलँड अवयव प्रत्यारोपणाचे रोगी स्वीडनला पाठवतो. चार लाख माणसांसाठी प्रत्येक शस्त्रक्रियेचा डॉक्टर ठेवता येत नाही, पैसा कितीही असो. एटापल्लीचा मुलगा म्हणाला, "आमचे नागपूरच्या मेडिकलला येते." त्यात तक्रार नव्हती, माहिती होती.

भूतान सरकार मोजतं त्या सुखाच्या निर्देशांकावर मुलगा अडून बसला. भूतान म्हटलं की ते लिहावंच लागतं. लिहू दिलं, पण नीट लिहायला लावलं: नऊ क्षेत्रं, ३३ निकष, घरोघर जाऊन मुलाखती, २०१० ला ०.७४३ आणि २०२२ ला ०.७८१. जागतिक सुख अहवाल हा वेगळा प्रकार, त्यात माणसाला आपल्या आयुष्याला दहापैकी गुण द्यायला सांगतात. त्यात आइसलँड वरच्या काही नंबरांत असतो आणि भूतान २०१९ मध्ये ९५ वा होता. सुखाच्याच पानावर मी आणखी एक ओळ घालायला लावली. १९९० च्या सुमारास एक लाखाहून जास्त नेपाळीभाषक भूतानी देशाबाहेर ढकलले गेले आणि वर्षानुवर्षं नेपाळच्या छावण्यांत राहिले. निर्देशांकाच्या मुलाखती उरलेल्यांच्या होतात. मुलगा म्हणाला, हे गाइडमध्ये नाही. नाहीच आहे.

मध्येच एक मजेचा शोध लागला. भूतानमध्ये दूरदर्शन आलं १९९९ मध्ये, हे सगळ्यांना पाठ. पण आइसलँडमध्येही १९८७ पर्यंत गुरुवारी टीव्ही बंद असे. बिअरवर तिथे १ मार्च १९८९ पर्यंत बंदी होती. भूतानने २०१० मध्ये तंबाखूच्या विक्रीविरुद्ध कडक कायदा केला, नंतर ढिला केला. वर्गात खर्रा खाणारे दोघे आहेत, त्यांनी भूतानबद्दल लगेच नापसंती नोंदवली.

माझ्या मते खरा धडा चलनाच्या पानावर होता. तिथे आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो. छोटा देश म्हणजे तीन वस्तूंचं दुकान, त्यातली एक नासली की महिना बुडाला. आइसलँडने चौथी वस्तू ठेवून पाहिली: बँका. २००८ पर्यंत त्यांच्या तीन मोठ्या बँकांचा पसारा देशाच्या जीडीपीच्या जवळपास दहा पट झाला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या तिन्ही एका आठवड्यात कोसळल्या. क्रोना या त्यांच्या चलनाची किंमत निम्म्यावर आली. लोकांनी घरांसाठी, गाड्यांसाठी जपानी येन आणि स्विस फ्रँकला बांधलेली कर्जं घेतली होती, कारण व्याज कमी. क्रोना पडला आणि हप्ते दुप्पट झाले. मुलांना हे मी नागपुरी हप्त्यात सांगितलं: पगार तोच, आणि १८ हजारांचा हप्ता ३६ हजार. लोक भांडी बडवत संसदेपुढे उभे राहिले, जानेवारी २००९ मध्ये सरकार गेलं. पुढे २०१० मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तशी कर्जं बेकायदा ठरवली, काही बँकवाले तुरुंगात गेले. बाहेर पैसा नेण्यावरची बंधनं २०१७ पर्यंत चालली.

भूतानचं चलन रुपयाला बांधलेलं, त्यामुळे असं एका रात्रीत पडत नाही. पण मग रुपयेच संपतात. २०१२ मध्ये तसंच झालं. आयातीला रुपये कमी पडले, गाड्यांची आणि बांधकामाची कर्जं थांबवावी लागली. २०२२ मध्ये पुन्हा गाड्यांची आयात रोखली. सरकारी कर्ज जीडीपीहून जास्त आहे, मोठा भाग जलविद्युतचा आणि भारताचा. हे कर्ज फार भीतीदायक मानलं जात नाही, कारण वीज विकून ते फिटतं. पण पुनात्सांगछू-१ हा जलविद्युत प्रकल्प बघा. १२०० मेगावॅट, काम २००८ मध्ये सुरू, २०१३ मध्ये धरणाच्या जागी डोंगर सरकला, आणि २०२५ पर्यंत एक युनिट वीज नाही. आणि शिकलेली तरुण मुलं ऑस्ट्रेलियाला चाललीत. आइसलँडमध्ये उलट, पाचातला जवळपास एक माणूस परदेशी नागरिक, पोलंडमधले सर्वाधिक.

तक्ता पूर्ण झाला असं मी म्हणणार, तेवढ्यात एटापल्लीच्या मुलाने वही पुढे केली. त्याने जंगलाची ओळ अधोरेखित केली होती. भूतानमध्ये ७० टक्के जंगल, आणि किमान ६० टक्के राखायचंच असं राज्यघटनेत लिहिलेलं. शेजारी त्याने गडचिरोली जिल्हा लिहिला होता. तिथेही ७० टक्क्यांच्या जवळपास.

"मॅडम, जंगल तेवढंच आहे. आमची लोकसंख्या बी थोडीशीच जास्त. नद्या बी आहेत. मंग आमचं असं काहून?"

मी त्याला काय सांगितलं? भूतानला मांगदेछूचा दर ठरवताना दिल्लीसमोर खुर्ची मिळते. पटला नाही तर 'पुन्हा बसू' म्हणता येतं. गडचिरोलीला कुणासमोरच खुर्ची नाही. सुरजागडचं लोहखनिज ट्रकांत भरून बाहेर जातं, त्यात जिल्ह्याला किती हे जिल्हा ठरवत नाही. दुसऱ्या बाजूने, २०१२ मध्ये भूतानला रुपये कमी पडले तसे गडचिरोलीला कधी पडणार नाहीत, आणि क्रोना निम्म्यावर आला तशी एटापल्लीच्या माणसाची मजुरी एका आठवड्यात निम्मी होणार नाही. काटोलची मुलगी म्हणाली, मजुरी निम्मी व्हायला आधी मजुरी तर पाहिजे. दोघांचं जोरात भांडण झालं. मी मध्ये पडले नाही.

शेवटी त्याने तक्त्याला तिसरा रकाना जोडला आणि गडचिरोली भरायला घेतलं. चलन: लागू नाही. विजेचा दर कोण ठरवतं: मुंबई. परदेशी कर्ज: लागू नाही. पाहुण्यांवर शुल्क: लागू नाही. अवघड रोगी कुठे पाठवता: नागपूर. पुढचा शनिवार आमचा त्यातच गेला, 'लागू नाही' कुठे लिहायचं आणि 'शून्य' कुठे.